गोचीड, पिसू, जंत: कुत्र्याचं औषध घेताना खोक्यावर काय वाचायचं

श्रावणात पाऊस जरा उघडला की बेळगावातल्या जनावरांच्या औषधांच्या दुकानात एकच वाक्य पुन्हा पुन्हा कानावर येतं: "कुत्र्याला गोचिडी झाल्यात ओ, कायतरी द्या की." मग काउंटरवर चार-पाच वस्तू येतात. मानेवर सोडायच्या थेंबांची नळी, चघळायची गोळी, गळ्यात बांधायचा पट्टा, पाण्यात कालवून अंगाला लावायचं औषध, शिवाय "जंताचं पण घेऊन जावा" म्हणून एक पाकीट. खोक्यावरची अक्षरं बारीक आणि इंग्रजी. दुकानदार कानडीत बोलतो, आपण मराठीत, व्यवहार होतो, पण "परत कधी द्यायचं?", "घरात मांजर आहे, चालेल का?" हे प्रश्न तसेच राहतात. माणूस मधल्या किमतीचं काहीतरी घेऊन बाहेर पडतो.

पंधरा दिवसांनी गोचिडी परत दिसतात आणि औषधाला शिव्या बसतात. बहुतेक वेळा औषध खोटं नसतं. ते दुसऱ्याच किड्याचं असतं, कुत्र्याच्या वजनाला बसणारं नसतं, किंवा कुत्र्याला लावून घर तसंच सोडलेलं असतं. आमच्या चंपी कुत्रीच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी माझ्या हातून घडल्या. एका ऑक्टोबरात सकाळी तिच्या नाकातून रक्त ठिबकताना पाहिलं, तेव्हापासून मी खोकी वाचायला लागले. जे वाचून, डॉक्टरांना विचारून समजलं, ते इथे लिहिते आहे.

खोक्यावरचं मोठं नाव सोडा, बारीक नाव वाचा

औषधाच्या खोक्यावर दोन नावं असतात. मोठ्या रंगीत अक्षरांतलं नाव कंपनीचं. त्याच्या खाली किंवा बाजूला बारीक अक्षरांत असतो तो घटक, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारं रसायन. मेडिकलवाले त्याला 'सॉल्ट' म्हणतात. वेगवेगळ्या नावांच्या दोन खोक्यांत एकच घटक असू शकतो. मग दोन्ही एकदम वापरले तर कुत्र्याला दुप्पट मात्रा जाते. उलट, नावं सारखी वाटणाऱ्या दोन खोक्यांत घटक अगदी वेगळे निघतात. म्हणून दुकानात "फलाणं द्या" म्हणण्याआधी खोका हातात घेऊन घटक, वजन, वय आणि असर किती दिवस टिकतो, एवढं बघावं.

पण त्याही आधी किडा कोणता हे कळायला हवं. गोचीड ही कोळ्याच्या कुळातली. ती उडी मारत नाही. कातडीत तोंड खुपसून दिवसेंदिवस एका जागी बसते. कानामागे, कानाच्या आत, पायाच्या बोटांच्या बेचक्यात, काखेत आणि पट्ट्याखाली बोटांनी चाचपलं की ती लागते. पिसू हा सहा पायांचा कीटक. केसांतून सरसर पळते, उडी मारते आणि हाताला सहसा लागत नाही. तिची खूण वेगळी असते. ओल्या पांढऱ्या कागदावर कुत्र्याला उभं करून पाठीवरून बारीक फणी फिरवा. काळी कणी पडली आणि ती ओलीवर विरघळून तांबडी झाली, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. कणी काळीच राहिली तर ती माती. जंत तर आतड्यात, डोळ्यांना न दिसणारे. मानेवरचे थेंब गोचिडीवर चालले म्हणून जंत जात नाहीत, आणि जंताच्या गोळीनं गोचीड मरत नाही. एकाच गोळीत दोन्हींवरचे घटक घातलेली औषधंही मिळतात, पण ती तशी आहेत का हे घटकांची यादीच सांगते.

गाडी धुतली तरी स्टँडवरची गर्दी तशीच

आपल्याकडे घरच्या कुत्र्यावर दिसते ती प्रामुख्यानं तपकिरी गोचीड. तिचं आयुष्य समजून घेतलं की औषध का 'लागू पडत नाही' याचं निम्मं कोडं सुटतं.

बेळगाव-खानापूर बसचा प्रवासी डोळ्यांपुढे आणा. अंड्यातून निघालेली मोहरीपेक्षा बारीक गोचीड कुत्र्यावर चढते, काही दिवस रक्त पिते आणि उतरते. फटीत बसून कात टाकते. परत चढते, पिते, उतरते, परत कात टाकते. मोठी झाली की तिसऱ्यांदा चढते. मादी पोटभर पिऊन एरंडाच्या बीएवढी टम्म फुगली की शेवटची उतरते, फटीत शिरते, तीन-चार हजारांपर्यंत अंडी घालते आणि मरते. तीन वेळा गाडीत चढायचं, तीन वेळा उतरायचं, आणि मधला सगळा काळ स्टँडवर काढायचा. गाडी म्हणजे कुत्रं, स्टँड म्हणजे आपलं घर. त्यातून मोठी गोचीड उपाशीपोटी कित्येक महिने तग धरते.

आमच्या वडगावच्या घरामागे चिऱ्याची जुनी भिंत आहे. संध्याकाळी टॉर्च मारला की त्या तांबड्या दगडांवरून राखाडी फुगलेल्या गोचिडी सावकाश वर चढताना दिसायच्या. मला वाटायचं, त्या कुत्र्याकडे निघाल्यात. खरं तर त्या कुत्र्यावरून उतरून अंडी घालायला फट शोधत निघालेल्या असतात. ही जात उतरल्यावर वर चढते. म्हणून नुसती फरशी फिनेलनं पुसून भागत नाही. भिंतीच्या भेगा, चौकटीमागची पोकळी, खाटेचे सांधे, कौलांखालची वाशांची टोकं, ही सगळी तिची जागा.

पिसवांचं गणितही तसंच. एखाद्या घरात जेवढ्या पिसवा असतील, त्यांपैकी मोठ्या होऊन कुत्र्यावर बसलेल्या साधारण ५ टक्के. उरलेल्या ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोश या रूपात गोधडीत, गालिच्यात, कुत्र्याच्या पोत्यात. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालते. कोशातली पिसू महिनोन्‌महिने निजून राहते आणि पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासाची हवा जाणवली की बाहेर येते. मे महिन्यापासून बंद असलेलं गावाकडचं घर गणपतीला उघडलं आणि पहिल्याच संध्याकाळी पायांना चावे सुरू झाले, असं ज्यांच्याकडे झालंय त्यांना हे लगेच पटेल.

तेव्हा औषध एकदा लावून थांबणं म्हणजे एक फेरी रिकामी नेणं. स्टँडवरचा शेवटचा प्रवासी चढून मरेपर्यंत औषधाचा असर कुत्र्याच्या अंगावर राहिला पाहिजे. पिसवांसाठी सलग तीन महिने तरी धरावेत, गोचिडींसाठी त्याहून जास्त. आपल्याकडची हवा या किड्यांना बाराही महिने मानवते, त्यामुळे खरं तर वर्षभर.

घराचं काम औषधाइतकंच महत्त्वाचं. कुत्र्याचं पोतं किंवा गोधडी आठवड्याला उकळत्या पाण्यात टाकून कडक उन्हात वाळवायची. भेगा सिमेंटनं बुजवायच्या. आम्ही चिऱ्याच्या भिंतीचे सांधे भरून घेतले आणि दोन महिन्यांत जो फरक पडला तो त्याआधी कुठल्याही बाटलीनं पडला नव्हता. भिंतींवर फवारा मारून घ्यायचा असेल तर कुत्रं, मांजर, माशांची टाकी, सगळं त्या जागेपासून लांब ठेवावं आणि जागा पूर्ण वाळेपर्यंत परत आणू नये.

थेंब, गोळी, पट्टा: यातलं काय घ्यावं?

मानेवरच्या थेंबांत बहुधा फिप्रोनिल असतं. हे रक्तात फारसं जात नाही. कातडीवरच्या नैसर्गिक तेलात मिसळून ते अंगभर पसरतं आणि केसांच्या मुळाशी साठून राहतं. असर साधारण महिनाभर. तेलावर चालणारं असल्यामुळे साबणाशी त्याचं वैर. थेंब लावण्याच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नाही. केस बाजूला करून, दोन खांद्यांच्या मधे, चाटता येणार नाही अशा जागी, थेट कातडीवर सोडायचे. केसांवर ओतले तर ते केसांवरच राहतात. ज्यांचं कुत्रं रोज शेततळ्यात किंवा मलप्रभेच्या डोहात उडी मारतं, त्यांना हा प्रकार कमी सोयीचा.

काही थेंबांत इमिडाक्लोप्रिडच्या जोडीला परमेथ्रिन असतं. त्याचा फायदा असा की गोचीड चावण्याआधीच बऱ्याच प्रमाणात झटकली जाते. पण घरात मांजर असेल तर परमेथ्रिन आणू नका. मांजराच्या यकृताला ते मोडता येत नाही. कुत्र्याला लावलेले थेंब मांजरानं चाटले, किंवा दोघं एकाच पोत्यावर निजली, तरी मांजराला थरथर सुटते, झटके येतात आणि जीव जाऊ शकतो. 'थोडंसंच राहिलंय, मांजरीला लावूया' हा विचार तर मनातही आणू नये.

चघळायच्या गोळ्यांत सध्या चालतो तो आयसोऑक्झाझोलिन हा गट. शब्द अवघड आहे, ओळख सोपी: घटकाचं नाव '-लानर'नं संपतं. अफॉक्सोलानर, सारोलानर या गोळ्या महिन्याला एक. फ्लुरालानर १२ आठवड्यांना एक, तीही भरल्या पोटी. गोळी रक्तात उतरते, गोचीड किंवा पिसू ते रक्त पिते आणि तिच्या मज्जातंतूंचा ब्रेक निकामी होतो. चोर्ला घाटात उतारावर ब्रेक गेलेल्या ट्रकसारखं तिचं शरीर आवरेनासं होतं आणि ती मरते. कुत्र्याच्या आणि आपल्या मज्जातंतूंवर हा घटक त्या मात्रेत फारच कमी पकड घेतो, म्हणून तो वापरता येतो. अंघोळीचा, पोहण्याचा प्रश्न नाही. घरातल्या लहान मुलांनी कुत्र्याला मिठी मारली तरी हाताला औषध लागत नाही. माझा स्वतःचा कल आता या गोळ्यांकडे आहे, आणि त्याचं कारण आमच्या घरात मांजरही आहे.

या गोळ्यांबद्दल दोन शंका नेहमी निघतात. पहिली: "गोळी दिली तरी गोचीड दिसतेच की." दिसणारच, कारण चावल्याशिवाय ती मरत नाही. एक दिवस थांबून बघा, ती सुकून, सैल होऊन गळते का. दुसरी शंका झटक्यांची, आणि ती रास्त आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं या गटाबद्दल इशारा दिला: काही कुत्र्यांत थरथर, तोल जाणं, फिट येणं असे परिणाम दिसले आहेत. औषध बाजारातून काढलं नाही, पण पूर्वी फिट आलेल्या कुत्र्याच्या बाबतीत विचार करून द्यावं असं सांगितलं. तुमच्या कुत्र्याला आयुष्यात एकदाही झटका आला असेल तर डॉक्टर विचारतील म्हणून वाट बघू नका, आपणहून सांगा.

पट्ट्यांत फ्लुमेथ्रिन आणि इमिडाक्लोप्रिड असलेला पट्टा आठ महिन्यांपर्यंत काम करतो. तो सैल लटकत असेल तर काम करत नाही. मान आणि पट्टा यांत दोन बोटं जातील इतका बसता हवा. रस्त्यावर किंवा यात्रेत मिळणाऱ्या, घटकाचं नावच नसलेल्या रंगीत पट्ट्यावर पैसे घालवू नयेत. पाण्यात कालवायच्या बाटलीत बहुधा अमिट्राझ असतं. स्वस्त आणि परिणामकारक, पण प्रमाण चुकलं किंवा ओलं अंग कुत्र्यानं चाटलं तर गुंगी येते. लहान पिल्लांना आणि मधुमेह असलेल्या कुत्र्याला ते नको.

वजन काट्यावर, अंदाजावर नाही

प्रत्येक खोक्यावर वजनाची पट्टी असते: अमुक किलो ते तमुक किलो. आपल्या भागात मळ्यावर मुधोळ जातीची कुत्री पुष्कळ. टपाल खात्यानं २००५ मध्ये तिकिटावर छापलं तेच हे बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचं कुत्रं. उंच, सडपातळ, बरगड्या दिसणारं. बघून माणूस पंधरा किलो म्हणतो आणि काट्यावर पंचवीस भरतं. उलट लांब केसांचं पॉमेरेनियन दिसतं गुबगुबीत आणि भरतं तीन-चार किलो. कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकट्यानं उभं राहा, वजाबाकी करा. मोठ्या कुत्र्यासाठी पोत्यांचा काटा गल्लीतल्या कुठल्याही धान्याच्या दुकानात असतो.

शेजारच्या काकूंनी चार पिल्लांसाठी मोठ्या कुत्र्याची एक नळी आणली. "चौघांत वाटून घाला, पैसे वाचतील" असा सल्ला त्यांना दुकानातच मिळाला होता. ड्रॉपर नव्हता, अंदाजानं वाटणी झाली. एका पिल्लाला जास्त गेलं. रात्री ते लाळ गाळत, थरथरत कोपऱ्यात पडलं. काकूंनी ते कोमट पाण्यात साबणानं धुतलं, फडक्यात गुंडाळलं आणि सकाळी दवाखान्यात नेलं. ते वाचलं. तेव्हापासून काकू खोका माझ्याकडे घेऊन येतात आणि आम्ही दोघी चष्मा लावून वाचतो.

थेंब आणि गोळ्या बहुतेक करून ८ आठवड्यांच्या आतल्या किंवा २ किलोच्या खालच्या पिल्लांना चालत नाहीत. नेमका आकडा प्रत्येक खोक्यावर असतो. एवढ्या लहान पिल्लांच्या गोचिडी चिमट्यानं काढाव्यात, पिसवा बारीक फणीनं, आणि आईवर डॉक्टरांना विचारून उपचार करावा. चिमटा कातडीला अगदी टेकवून धरायचा, सरळ वर ओढायचा, पिळायचा नाही. काढलेली गोचीड साबणाच्या पाण्यात टाकायची. बोटांनी चिरडू नका. तिच्या पोटातल्या रक्तात रोगजंतू असू शकतात. उदबत्तीचा चटका, रॉकेलचा बोळा, यांनी ती तोंडातलं सगळं आतच ओकते.

"उसाला घालतो तेच औषध आहे की!"

हा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो आणि तो अडाणीपणाचा नाही. उसाच्या खोडकिडीसाठी टाकायच्या दाण्यांत फिप्रोनिल असतं. इमिडाक्लोप्रिड तर वाळवीसाठी घरोघरी ठाऊक. शेतकरी लेबल वाचतो, तेच नाव कुत्र्याच्या नळीवर बघतो आणि विचारतो: कोपऱ्यात बाटली पडलीच आहे, मग एवढ्याशा नळीला इतके पैसे का मोजू?

मीठ तेच असलं तरी आमटीतलं मीठ आणि मूठभर मीठ यांत फरक आहे. शेतीच्या बाटलीतलं प्रमाण एकरासाठी ठरवलेलं असतं, जिवंत कातडीसाठी नाही. शिवाय घटक ज्या द्रवात विरघळवलेला असतो तो पानांवर चिकटावा म्हणून निवडलेला. कातडी जाळणारा किंवा तिच्यातून भराभर आत शिरणारा असू शकतो. त्यात कुत्रं अंग चाटतं. ऊस आपलं पान चाटत नाही. क्लोरपायरीफॉससारखी शेतीची औषधं तर कुत्र्याला काही तासांत मारू शकतात: लाळ, उलटी, जुलाब, झटके, श्वास बंद. गुरांच्या गोचिडीसाठी मिळणाऱ्या डेल्टामेथ्रिनच्या बाटलीबद्दलही तेच. गुरांच्या डॉक्टरांनी कुत्र्यासाठी नेमकं प्रमाण लिहून दिलं तर ठीक. बुचानं मोजून बादलीत ओतणं धोक्याचं.

कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं अंघोळ घातली तर नुकसान नाही, पण चिकटलेली गोचीड त्यानं मरत नाही. लसूण चारणं मात्र चूकच. लसूण-कांद्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि गोचिडीचे काही रोगही नेमकं तेच करतात.

गाईचं इंजेक्शन कुत्र्याला?

आयव्हरमेक्टिन हे नाव कोविडच्या काळात सगळ्यांच्या तोंडी झालं. माणसांच्या आणि जनावरांच्या परजीवींवरचं हे फार मोठं औषध; त्याच्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. गावागावांत ते गुरांसाठी येतं आणि उरलेलं कुत्र्याला टोचलं जातं.

गुरांचं इंजेक्शन १ टक्क्याचं असतं, आणि त्याची मात्रा १ मिलिलिटर ५० किलो वजनाला. दहा किलोच्या कुत्र्याला तोच हिशेब लावला तर ०.२ मिलिलिटर, सिरिंजवर तेवढं मोजताना हात जरा चुकला की दुप्पट-तिप्पट जातं. त्याहून मोठी अडचण जातीची. मेंदूच्या रक्तवाहिन्यांना एक राखणदार असतो. नको ती रसायनं तो दारातूनच परत ढकलतो. कॉली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा मेंढपाळी जातींतल्या अनेक कुत्र्यांत हा राखणदार जन्मतःच बिघडलेला असतो. त्यांना इतर कुत्र्यांना सोसेल एवढी मात्राही मेंदूत शिरून आंधळं करते, बेशुद्ध करते, मारते. आपल्या संकरित कुत्र्यात कुणाचं रक्त आहे हे कोण सांगणार? आणि एवढा धोका पत्करून गोचिडीवर त्याचा भरवशाचा उपयोगही होत नाही. खरजेसाठी डॉक्टर ते वापरतात, तपासून आणि मात्रा चढवत नेऊन. तो त्यांचा भाग.

जंत: दिसत नाहीत, पण मुलांच्या हातापर्यंत येतात

पिल्लू जन्मतानाच जंत घेऊन येतं, हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. गोल जंतांच्या अळ्या कुत्रीच्या स्नायूंत वर्षानुवर्षं निजलेल्या असतात. गाभण काळाच्या शेवटी त्या जाग्या होतात आणि नाळेतून पिल्लांच्या अंगात उतरतात. पुढे दुधातूनही जातात. म्हणून "अजून दूधच पितंय, जंत कुठले?" हे खरं नाही. पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की पहिलं औषध, मग आठव्या आठवड्यापर्यंत दर दोन आठवड्यांनी, पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, नंतर तीन महिन्यांनी एकदा. आईलाही पिल्लांबरोबर. पोट नगाऱ्यासारखं, पाठ हाडकुळी आणि हिरड्या पांढऱ्या अशा पिल्लाला बहुधा अंकुश जंतही असतात. ते रक्त पितात, आणि नुसत्या रक्तक्षयानं पिल्लं दगावतात.

इथेही घटकच वाचायचा. पायरँटेल गोल जंत आणि अंकुश जंतांवर. फेनबेंडाझोल किंवा फेबँटेल त्यांच्याबरोबर चाबूक जंतांवरही. पट्टकृमीवर मात्र प्राझिक्वांटेल. बाजारातल्या बऱ्याच गोळ्यांत पायरँटेल, फेबँटेल, प्राझिक्वांटेल तिन्ही असतात, बहुधा दहा किलोला एक गोळी. गुदद्वाराभोवती किंवा पोत्यावर तांदळाच्या कणीसारखे, हलणारे पांढरे तुकडे दिसले तर ती पट्टकृमी, आणि ती बहुतेक वेळा पिसवांतून येते. कुत्रं अंग चावताना पिसू गिळतं, तिच्या पोटात कृमीची अळी असते. प्राझिक्वांटेल देऊन पिसवा तशाच ठेवल्या तर महिन्याभरात तुकडे पुन्हा दिसतात.

"गेल्या महिन्यात गोळी दिली होती, मग आता कसे?" जंताची गोळी ही लस नाही. त्या दिवशी आतड्यात जे आहेत ते ती काढते. दुसऱ्या दिवशी मातीतून गेलेल्या अंड्यांना ती अडवत नाही. आणि अंगणवाडीत मुलांना १० फेब्रुवारीला देतात ती अल्बेंडाझोलची गोळी कुत्र्याला देऊ नये. कुत्र्यांत तिचा हाडांतल्या मज्जेवर, म्हणजे रक्त तयार होण्यावरच वाईट परिणाम होऊ शकतो.

एका कृमीबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण ती आपल्या भागाशी फार जवळची आहे. यात्रा असो वा आखाड, बकरं पडतं, आणि आतडी, फुप्फुसं, काळजाचे टाकाऊ तुकडे दारातल्या कुत्र्यांपुढे जातात. बकऱ्या-मेंढ्यांच्या यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या फुग्यासारख्या गाठी कधीकधी दिसतात. त्या गाठी कच्च्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात अगदी छोटी पट्टकृमी वाढते. कुत्र्याला काहीच होत नाही. पण तिची अंडी विष्ठेतून, केसांवरून माणसाच्या तोंडात गेली तर तशीच गाठ आपल्या यकृतात किंवा फुप्फुसात वर्षानुवर्षं वाढत राहते आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. कुत्र्याला टाकाऊ मांस द्यायचंच असेल तर खळखळ उकळून द्या. मेंढरांच्या कळपाबरोबर राहणाऱ्या, कच्चं खाणाऱ्या कुत्र्यांना प्राझिक्वांटेल तीन महिन्यांनी पुरत नाही. दर सहा आठवड्यांनी लागतं. धनगर वाड्यावर कुणी ओळखीचं असेल तर एवढं जरूर सांगा.

गोचीड ताप आणि माकडताप एकच का?

नाही. कुत्र्याच्या गोचीड तापात एर्लिकिया आणि बबेसिया हे मुख्य दोन जंतू. कुत्रं खायचं सोडतं, सुस्त पडतं, ताप येतो, हिरड्या फिकट होतात, लघवी कॉफीसारखी गडद होते, किंवा चंपीसारखं नाकातून रक्त येतं, कारण रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स कोसळलेल्या असतात. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नये. कुत्र्याला ती विषारी ठरतात. एर्लिकियासाठी डॉक्सीसायक्लिन साधारण २८ दिवस चालतं. चंपी तिसऱ्या दिवशी भाकरी खायला लागली आणि घरच्यांनी "आता बरी आहे, कशाला गोळ्या" म्हटलं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं म्हणून २८ दिवस पुरे केले.

माकडताप वेगळा. शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये तो पहिल्यांदा ओळखला गेला. विषाणूचा रोग, जंगली गोचिडींतून माकडांना आणि माणसांना होणारा. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात त्याचे रुग्ण सापडले, म्हणून खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या लोकांच्या मनात भीती आहे. घरच्या भिंतीवर चढणारी तपकिरी गोचीड तो पसरवत नाही, तेव्हा या भीतीपोटी कुत्र्याला घराबाहेर काढू नका. जंगलातली गोचीड मात्र कुत्र्याच्या अंगावर बसून घरात येऊ शकते. डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत कणकुंबी, जांबोटीच्या बाजूला काजूच्या बागेत किंवा लाकडाला कुत्रं बरोबर नेलं असेल, तर परतल्यावर त्याला अंगणातच थांबवून कान, काखा, बोटांच्या बेचक्या नीट बघाव्यात. कुठे मेलेलं माकड दिसलं तर त्याला हात न लावता, कुत्र्यालाही जवळ जाऊ न देता, तालुक्याच्या आरोग्य खात्याला कळवावं, आणि जंगलातून आल्यावर पुढच्या आठवड्याभरात कुणाला ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आधी सांगावं.